कमरेचा कोयता : म्यान, आकडी आणि ओझे



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून इतिहासाविषयी बोलायचे म्हटले की वक्त्याची नजर स्वाभाविकपणे राजधान्या, लढाया आणि तह यांच्याकडे जाते. हैदराबादेत तर या विषयांची वाण नाही. ज्या मलकपेठेत आपण जमलो आहोत तिचे नाव गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशाहाचा सेवक मलिक याकूब याच्यावरून पडले असे सांगतात. शेजारचे मूसारामबाग म्हणजे निजामाच्या पदरी असलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीचे, 'मस्यू रेमाँ'चे, लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेले नाव. रेमाँ १७९८ साली वारला. त्याची समाधी जवळच्याच टेकडीवर आहे. एका सेवकाची आणि एका सेनानीची आठवण अशी आपल्या पोस्टाच्या पत्त्यातच मुरलेली आहे.

आज मी मात्र कोणाच्या तलवारीविषयी बोलणार नाही. कष्टकऱ्याच्या कमरेला लटकणाऱ्या कोयत्याविषयी, आणि त्याहूनही अधिक, तो कोयता ज्यात अडकवतात त्या लाकडाच्या लहानशा आकडीविषयी मला बोलायचे आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण माणसाने धारदार पाते अंगावर कसे बाळगले, या साध्या प्रश्नात त्याने कोणते काम केले, किती ओझे वाहिले आणि शेजाऱ्यांशी तो कसा वागला, याचा इतिहास साठलेला असतो.

या प्रश्नाला एक ताजे निमित्तही आहे. माझे काही जुने विद्यार्थी सुटीत सह्याद्रीत किंवा जवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत भटकंतीला जातात, रानात राहुटी ठोकून मुक्काम करतात. त्यांच्या बोलण्यात एक अडचण वारंवार येते. हातभर लांबीची, न मिटणारी, जाड पात्याची सुरी सोबत असावी असे त्यांना वाटते. पण ती कमरेला लावली तर चढताना मांडीला टोचते, बसताना जमिनीला टेकते आणि पाठपिशवीच्या पट्ट्याखाली रुतते. हा प्रश्न आजचा नाही. आपल्या पूर्वजांनी त्याची उत्तरे शोधली होती आणि ती उत्तरे एकसारखी नव्हती. उत्तरांत फरक का पडला, हे पाहणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

१

मोठे पाते सुखाने बाळगणे म्हणजे काय, हे प्रथम ठरवावे लागेल. माझ्या मते त्यात तीन सुखे येतात. पहिले अंगाचे सुख : चालणे, चढणे, वाकणे, उकिडवे बसणे यांत पात्याचा अडथळा होऊ नये आणि त्याने इजा करू नये. दुसरे पात्याचे सुख : धार बोथट होऊ नये, लोखंड गंजू नये, मूठ हव्या त्या क्षणी हाताला लागावी. तिसरे पाहणाऱ्याचे सुख : वाटेत भेटणाऱ्या माणसाला त्या पात्याचे भय वाटू नये. पहिल्या दोहोंचा विचार कारागीर करतो. तिसऱ्याचा विचार समाज करतो, आणि पुढे कायदा करतो. दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यांची आणि म्यानांची चर्चा बहुधा पहिल्या सुखापाशी सुरू होऊन दुसऱ्यापाशी संपते. इतिहासाच्या अभ्यासकाला तिसऱ्याशिवाय गत्यंतर नाही.

२

आधी शब्दांकडे पाहू. भाषेच्या अध्यापकाची ती जुनी खोड आहे. पाती बाळगण्याची मराठीतील प्रतिष्ठित शब्दसंपत्ती बरीचशी फारसी-अरबीतून आलेली आहे. 'म्यान' हा फारसी 'मियान'. त्या भाषेत मियान म्हणजे मध्य, कंबर आणि तलवारीचे घरही. शरीराचा मध्यभाग आणि पात्याचे घर यांना एकच शब्द असावा, यावरून शस्त्राची जागा कंबर हे किती गृहीत होते ते कळते. 'कमर' आणि 'कमरबंद' हेही फारसीच. 'पेशकब्ज' या खंजिराच्या नावातील 'पेश' म्हणजे पुढे. हे पाते पुढच्या बाजूला खोवले जाई. 'जंबिया' हा अरबी शब्द 'जन्ब' म्हणजे बाजू, कूस यावरून आला. पात्याचे नावच ते शरीरावर कोठे असते यावरून पडलेले आहे.

जंबिया हैदराबादकरांना अनोळखी नाही. निजामाच्या राज्यात हद्रमौत आणि येमेन या भागांतून आलेले अरब शिपाई होते. त्यांच्या वस्तीचे 'बारकस' हे नाव बराकींवरून पडले, आणि 'चाऊस' हे त्यांचे नाव आपल्या मराठवाड्यातही नांदेड-परभणीपर्यंत आजही ऐकू येते. एकोणिसाव्या शतकात या अरब पथकांचा दरारा मोठा होता. १८५३ ते १८८३ या काळात दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाला त्यांना आवर घालण्यासाठी बरीच खटपट करावी लागली. त्यांचा जंबिया रुंद पट्ट्यात, पोटावर, मूठ वर आणि उठून दिसेल असा बसवलेला असे. अंगाच्या सुखाच्या दृष्टीने ही जागा चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला ठीक. वाकून भात कापणाऱ्याला मात्र ती पाच मिनिटेही सोसणार नाही. पोटावरचे पाते सांगते की या माणसाला दिवसभर कंबर वाकवायची नाही.

म्यानाची गोष्ट अशीच. म्यान म्हणजे लाकूड, चामडे, कापड, कधी चांदी-पितळ यांचे बंद घर. ते घडवायला कारागीर लागतो, पैसा लागतो, आणि घराबाहेर पाते क्वचितच निघावे अशी जीवनपद्धती लागते. शिपायाचे पाते दिवसच्या दिवस म्यानात राहते आणि एखाद्या क्षणी बाहेर येते. म्हणून त्याला घर शोभते. भाषेनेही त्या घराचा मान राखला : 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत' अशी म्हण झाली, भांडण मिटले की 'तलवार म्यान' होऊ लागली. ज्याचे पाते दिवसातून शंभर वेळा बाहेर येते आणि शंभर वेळा परत जाते, त्याला हे घर पुरवत नाही. त्याने वेगळे उत्तर शोधले.

३

ते उत्तर म्हणजे आकडी. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे आणि पालघर या पट्ट्यात कुणबी, ठाकर, कातकरी, वारली अशा शेतीत व रानात राबणाऱ्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूस ही दिसते. कठीण लाकडाचा लहानसा कोरलेला तुकडा, दोरीने कमरेला बांधलेला, आणि त्यात पाते जाईल एवढी फट. ठिकाणागणिक घडण बदलते. काही ठिकाणी लोखंडाची सळई वाकवूनही आकडी करतात. पाते त्या फटीतून खाली सोडायचे, मूठ वर राहते आणि हात मागे नेला की सापडते. काढायला एक हात पुरतो, ठेवायलाही एकच, आणि मान वळवून पाहण्याची गरज नसते. चालताना लोखंड लाकडावर वाजते. त्या आवाजानेच रानवाटेवर माणूस येत असल्याचे कळते.

हे साधन किती विचारपूर्वक घडले आहे, हे ज्या कामासाठी ते निर्माण झाले ते काम पाहिल्यावर ध्यानात येते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची पद्धत आहे. त्यासाठी ऐन, किंजळ अशा झाडांवर चढून कवळ तोडावी लागते. चढताना दोन्ही हात खोडाला हवेत. वर पोचल्यावर एका हाताने फांदी धरून दुसऱ्याने घाव घालायचा. मग कोयता पुन्हा आकडीत आणि पुढची फांदी. नारळ पाडणारा, गोव्यातील पाडेली, आणि माडाची सूर काढणारा रेंदेर, यांचेही असेच. पोटावर पाते असते तर खोड पोटाशी कवटाळता आले नसते. बगलेवर असते तर गुडघा वर उचलताना मांडीला लागले असते. पाठीचा खालचा भाग ही चढणाऱ्या शरीराची एकमेव मोकळी जागा आहे, आणि आकडी नेमकी तेथे आहे.

पात्याच्या सुखाचा विचारही यात आहे. कोकणातला पाऊस चार महिने थांबत नाही. ओले पाते बंद चामड्यात ठेवले की गंजते, चामडे बुरसते. फणसाचा, आंब्याचा चीक पात्याला लागलेला असतो. तो म्यानात जाऊन बसला की पाते अडकते. उघड्या आकडीत पाणी निथळते, वारा लागतो, चीक पुसता येतो. शिवाय आकडी घरच्या घरी, त्याच कोयत्याने लाकूड तासून करता येते; मोडली तर दुसरी. कोयता लोहाराकडून किंवा गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्याकडून घ्यावा लागतो. आकडीला बाजार लागत नाही. म्हणूनच तिची पावती नाही, हिशेबाच्या वहीत नोंद नाही, आणि नोंदीवर जगणाऱ्या इतिहासात ती सापडत नाही. मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी (१८८०), ठाणे (१८८२) आणि कुलाबा (१८८३) या गॅझेटियरांनी शेतकऱ्याची अवजारे, त्याचे कपडे, त्याची घरे यांची कितीतरी माहिती गोळा केली. पण या खंडांतून कष्टकऱ्याची ओळख होते ती बहुधा त्याच्या जातीने आणि त्याच्या साऱ्याने, त्याच्या अंगच्या युक्तीने नव्हे.

'कोयता' या शब्दाबद्दलही येथे, तेलुगू मुलखात बसून, एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेलुगूत 'कोयुट' म्हणजे कापणे, 'कोत' म्हणजे कापणी. कन्नडात आणि तमिळमध्येही कापण्याचा अर्थ देणारा 'कोय्' हा धातू आहे. मराठी कोयता आणि हे शब्द यांचे साम्य भाषेच्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या नजरेत भरण्यासारखे आहे. दरबारी पात्यांची नावे वायव्येकडून आली आणि रानातल्या पात्याचे नाव दक्षिणेच्या मातीतले निघाले. मराठीची कूळकथा या एका कमरेवर वाचता येते.

४

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पाते शरीराच्या कोणत्या बाजूला राहील हे पात्याने ठरवले नाही, ओझ्याने ठरवले.

कोकणातला माणूस मोळी, भारा, टोपली डोक्यावर वाहतो. डोक्यावर ओझे घेतले की पाठ मोकळी राहते, म्हणून कोयता पाठीकडे जातो. नेपाळच्या डोंगरात भारवाहू 'डोको' नावाची टोपली पाठीवर घेतो आणि तिचा 'नाम्लो' हा पट्टा कपाळाला लावतो. तेथे पाठ गुंतलेली आहे. म्हणून त्याची खुकरी कमरेभोवती गुंडाळलेल्या पटुक्यात पुढे किंवा बाजूला खोवलेली असते. तीच खुकरी गोरखा सैनिकाच्या गणवेशावर चामडी म्यानातून येते तेव्हा पाठीमागे जाते, आणि म्यानाच्या कप्प्यांत 'कर्द' ही छोटी सुरी आणि 'चकमक' हे धार सावरण्याचे लोखंड यांना जागा मिळते. पाते एकच, शरीरावरचा भार बदलला की त्याची जागा बदलते.

फार दूरचा, पण बोलका दाखला हवा असेल तर १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्सच्या हिमात सापडलेल्या माणसाचा घ्या. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी डोंगर ओलांडताना तो मेला. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची, लाकडी मुठीची लहान सुरी होती आणि तिला झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांनी विणलेले म्यान होते, पट्ट्याला अडकवता येईल असे. त्याच्यासोबत सापडलेला लाकडी सांगाडा पाठीवरच्या ओझ्याचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. डोंगरातून चालणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न लोखंडाच्याही आधीपासून उभा आहे.

दक्षिणेकडे कोडगूत आकडीची सख्खी बहीण भेटते. कोडवांची 'ओडिकत्ती' ही रुंद, वाकडी, जड सुरी पाठीमागे 'तोडंग' नावाच्या पितळी आकड्यात अडकवलेली असते, तर 'पीचेकत्ती' ही लहान, नक्षीदार म्यानातली सुरी पुढे कमरपट्ट्यात असते. एकाच माणसाच्या अंगावर कामाचे पाते मागे, उघडे. मानाचे पाते पुढे, झाकलेले. मी ज्या भेदाविषयी बोलतो आहे तो येथे एका पोशाखात सामावला आहे. लग्नात त्याच ओडिकत्तीने केळीचे खुंट तोडण्याचा विधी असतो. रानातले पाते असे मांडवात येते, पण काम विसरत नाही.

आणि आपल्या तेलंगणातील ताडी काढणारा गौड घ्या. 'मोकू' या दोरखंडाचा फास तो ताडाच्या खोडाभोवती आणि स्वतःच्या कमरेभोवती घेतो, मागे रेलतो आणि दोन्ही हात मोकळे करतो. त्याचे ओझे म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर; ते दोरीवर टाकले की कमरेजवळची सुरी हाताळता येते. हे काम जिवावरचे आहे. जुलै २०२४ मध्ये तेलंगण शासनाने 'काटमय्या रक्षा कवचम्' या नावाने या कारागिरांसाठी सुरक्षासंच देण्याची योजना सुरू केली. ज्या गोष्टीकडे शासनाने २०२४ साली लक्ष दिले, ती गोष्ट त्या माणसांच्या शरीराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती : पाते जवळ हवे, पण पडताना अंगाखाली नको.

माझ्या भटक्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे होते. त्यांनी ओझे पाठीवर घेतले आहे, आणि आजच्या पाठपिशवीचा पट्टा कंबरही व्यापतो. म्हणजे आकडीची जागा गेली आणि म्यानाचीही गेली. कोकणातली आकडी विकत आणून पिशवीखाली बांधली तर ती टोचणारच; दोष आकडीचा नाही, ओझ्याने जागा बदलल्याचा आहे. चालताना मोठे पाते कठीण म्यानात घालून पिशवीच्या बगलेस, मूठ वर ठेवून, उभे बांधावे. मुक्कामाला पिशवी उतरली, कंबर मोकळी झाली, की मगच ते अंगावर घ्यावे. पट्ट्याला थोडी सैल लोंबती दोरी असली तर बसताना म्यान बाजूला सरकते. चढताना किंवा घसरत्या उतारावर पाते पोटावर किंवा कण्यावर कधीही नको. पडलो तर आधी तेच लागते. आणि त्याहून आधी स्वतःला विचारावे, की हातभर पात्याचे खरोखर काम आहे काय. कवळ तोडणाऱ्याला ते आहे. दोन दिवसांच्या भटकंतीत कांदा चिरायला आणि दोरी कापायला वीतभर सुरी पुरते.

५

येथे तिसरे सुख येते, पाहणाऱ्याचे. कायद्याने याचा विचार केला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या. त्याखाली १९६२ साली झालेल्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात घातल्या, पण तेथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापराची पाती बाजूला ठेवली. कोडवांना या कायद्यांच्या परवान्यातून ब्रिटिश काळापासून सूट आहे, आणि २०१९ साली केंद्र शासनाने ती बंदुकांच्या बाबतीत आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरता येत नाही, आणि त्या कायद्यातील शस्त्रांच्या यादीत सुऱ्याही आहेत. रानात हिंडणाऱ्या तरुणांनी हे माहीत करून घेतले पाहिजे. काही पिढ्यांपूर्वी त्याच रानात ज्याचा कोयता हेच जगण्याचे साधन होते, त्या आदिवासीला या एका ओळीची किंमत किती पडली असेल, याचाही विचार त्यांनी करावा.

कायद्याची ही भाषा पात्याची लांबी मोजते आणि त्याचा हेतू विचारते. आकडी तोच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवते. आकडीतला कोयता उघडा असतो. तो लपवता येत नाही, आणि लपवायचा नसतोच. गावच्या वाटेवर, एस.टी.च्या थांब्यावर, बाजारात, कमरेला आकडी असलेला माणूस दिसला की पाहणाऱ्याला कळते : हा कामावर निघाला आहे. हातभर पाते डोळ्यांसमोर असूनही भय वाटत नाही, कारण ते समोर आहे. आकडी ही पात्याची जाहीर कबुली आहे.

याच्या उलट चित्र पुण्यासारख्या शहरात २०२२-२३ च्या सुमारास दिसले. तरुणांच्या टोळ्या कोयते घेऊन रस्त्यांवर दहशत माजवू लागल्या आणि वृत्तपत्रांनी त्यांना 'कोयता गँग' असे नाव दिले. कोयता विकणाऱ्यांनी खरेदीदाराच्या ओळखीची नोंद ठेवावी, असे सांगितले गेल्याच्या बातम्याही आल्या. तोच लोहार, तेच लोखंड, तोच बाक. बदलले ते एवढेच, की कोयता आकडीतून निघून सदऱ्याखाली गेला. जे पाते उघडे असताना अवजार होते ते झाकताच हत्यार झाले. त्या टोळ्यांचा बंदोबस्त पोलिसांनी करावा, त्याबद्दल दुमत नाही. परंतु 'कोयता' हा शब्दच गुन्ह्याचा शब्द होऊ लागला, तर ज्यांच्या भाकरीचा तो शब्द आहे त्यांचे काय, हे भाषेच्या माणसाने विचारलेच पाहिजे.

६

कारण मराठवाड्यात कोयता हा शब्द भाकरीचा तर आहेच, माणसांच्या मोजणीचाही आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम त्यांना उचल देतो, आणि ती उचल माणसांवर नव्हे, 'कोयत्यां'वर देतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. या शहरातील कितीतरी मराठी कुटुंबांची गावे त्याच्याच आसपास आहेत. आपण ज्या मुलखाचे आहोत तेथे अवजाराने माणसाला आपले नाव दिले, आणि त्या नावात बाई तर पुरती मिटून गेली. जोडीतला ऊस नवरा तोडो वा बायको, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत ती वाहो, हिशेबात कोयता एकच.

मराठीत 'आकडा' म्हणजे हिशेबातला अंक, आणि 'आकडा' म्हणजे काही लटकवायचे वाकडे लोखंडही. एका आकड्याने कोयत्याला माणसाच्या कमरेवर जागा दिली. दुसऱ्या आकड्याने माणसालाच कोयता केले. पहिल्याची आठवण आपण ठेवली नाही आणि दुसऱ्याची लाज बाळगली नाही.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून उसनी आलेली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली आणि त्यांच्या दर्शनाला लोक लोटले. ते योग्यच होते. १६५९ च्या प्रतापगडाची स्मृती मराठी मनात जिवंत आहे. आपल्या सालारजंग संग्रहालयातही रत्नजडित खंजिरांपुढे पाहुणे थबकतात. मला एवढेच म्हणायचे आहे, की ज्या माणसांनी प्रतापगडाच्या पायथ्याची राने तोडून वाटा केल्या, भात पिकवले, गडावर लाकूड वाहिले, त्यांच्या कमरेचीही एखादी वस्तू कोठेतरी काचेआड असावी. हे अशक्य नाही. पुण्याचे दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वस्तू एकेक करून आयुष्यभर जमवल्या आणि १९६२ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्यामागे कोणता राजा नव्हता. मुलाच्या स्मृत्यर्थ त्यांनी संग्रहालयाला 'राजा' हे नाव मात्र दिले.

आपल्या शाळेला माझी विनंती याच स्वरूपाची आहे. एक काचेचे कपाट करावे. माजी विद्यार्थी गावी जातील तेव्हा त्यांनी एकेक वस्तू आणावी : कोकणातली आकडी, ऊसतोडीचा कोयता, गौडाच्या मोकूचा तुकडा, मलकपेठच्या बाजारात महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याची पोती उचलणाऱ्या हमालाचा लोखंडी आकडा. प्रत्येक वस्तूखाली दोन ओळी लिहाव्यात : ही कोणी घडवली, आणि कोणी किती वर्षे वापरली. त्या ओळींत माणसाचे नाव यावे. 'एक कोयता' असे येऊ नये, आणि बाईने वापरली असेल तर बाईचे नाव यावे. पाती बोथट करून ठेवावीत, म्हणजे मुलांना वस्तू हातात घेता येईल. आकडी कमरेला बांधून मुलाने एकदा खाली बसून पाहावे, वाकून पाहावे. पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांनी कळणार नाही ते त्याला तेवढ्यात कळेल : आपल्या आधी होऊन गेलेल्या माणसांनी विचार केला होता, आणि तो हाताने केला होता.